शेणव्याला उतरलेला पेलोड

आता चहा हातात आहेच तुमच्या, तर सांगूनच टाकते. पण एक अट. हसायचं ते माझ्यावर हसा, आमच्या मामाला कुणी काही बोलायचं नाही. मामानं फक्त सांगितलं तेवढं केलं. सांगणारी मी होते!

तुम्ही म्हणाल, एक निरोप चुकीच्या माणसाला गेला तर असं काय आभाळ कोसळणार? अहो, लग्नाचं वऱ्हाड रस्त्यावर बसलं, रस्त्यावर!

गोष्ट माझ्या धाकट्या भावाच्या, नितीनच्या लग्नाची. झाली असतील तीन-चार वर्षं. आम्ही वाशिंदचे. मुलगी मुरबाडच्या पुढच्या एका गावातली. लग्न तिच्या दारी, दुपारच्या मुहूर्तावर. घरात कॉम्प्युटरवर काम करणारी मी एकटी, म्हणून वऱ्हाडाच्या गाड्यांचं नियोजन माझ्याकडं. म्हणजे कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. कुठली गाडी कधी सुटणार, कोण कशात बसणार, सगळं मोबाइलवर. बाबा पाहुण्यांना कौतुकानं सांगत होते, "वैशू ऐरोलीला कामाला जाते. तिला कळतं सगळं."

किती कळतं, ते आता ऐका.

सामान न्यायचं होतं संतोषमामाच्या पिकअपमधून. हा माझ्या आईचा भाऊ, किन्हवलीचा. मामाची गाडी म्हणजे आमच्या अख्ख्या बालपणाचं विमान हो! सुट्टी लागली की तो आम्हाला न्यायला यायचा. तेव्हा त्याच्याकडं जुना टेंपो होता. आम्ही मागं भाताच्या पोत्यांवर चढून बसायचो, वरनं आंब्याच्या फांद्या डोक्याला लागायच्या आणि पुढून मामा ओरडायचा, "हायत का रे सगळी? का कोण सांडला?" एकदा माझी चप्पल सांडली तर या माणसानं टेंपो मागं फिरवून ती शोधून आणली होती. आता माझ्याकडं वातानुकूलित ऑफिस आहे, फिरणारी खुर्ची आहे. पण त्या पोत्यांवर बसून जो वारा खाल्ला, तो काही परत मिळाला नाही.

असो. तर पिकअपमध्ये काय काय होतं? नवरीच्या शालूची ट्रंक. दोघांची बाशिंगं. फळांच्या परड्या. आणि चंद्राआत्या!

ही बाबांची थोरली बहीण. धवलारीण. आमच्याकडं लग्नात धवळे गातात, ते म्हणणारी बाई. हळदीपासून पाठवणीपर्यंत कुठल्या वेळी कुठलं गाणं, सगळं तिच्या तोंडात. भटजी नसला तर एक वेळ चालवून घेतील, धवलारीण नसली तर बायका नवरीला पाटावर बसू देत नाहीत. तिच्याबरोबर तिच्या मागनं झील धरणाऱ्या चार-पाच बायका. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत, हे मला माहीत होतं, मामालाही माहीत होतं. पण आत्याला गाडीत बंद काचेआड मळमळतं. तिला उघड्यावरच बसायचं होतं.

आणि आत्याचं आणि मामाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य! माझ्या आईबाबांच्या लग्नात मामानं आत्याला जेवायला वाढताना भात कमी घातला होता म्हणे. तेव्हापासून सुरू आहे ते.

सकाळी निघताना मी शहाणपणा केला. गाडीला फेरी मारून मामाला विचारलं, "मामा, गाडीचा पेलोड किती रे?"

"काय झालं?"

"पेलोड, पेलोड. गाडी किती भार नेऊ शकते ते. त्याच्यावर एक किलो पण नको. पुढं आरटीओवाले उभे असतील."

"मला नको पेलोड शिकवू! शोरूमवाल्यानं गाडी देताना तोच शब्द घोकून घेतलाय माझ्याकडनं. आजवर हिच्यातनं बैल गेले, भात गेला, गणपती गेले. कुणी वजन विचारलं नाय."

मागनं आत्या म्हणाली, "वजनाचं मला ऐकवतोस का रे?"

"तुला कोण बोलला? मी बैलांचं बोललो!"

मी दोघांना गप्प केलं आणि मामाला बजावलं, "हे बघ, आज मी सांगेन तसं करायचं. मोबाइल बघत राहा. मधे गाडी थांबवून बघ, पण बघ."

"बरं गो बाय," म्हणाला बिचारा.

आता इथं दुसरा संतोष येतो. संतोष माने. आमच्या ऑफिसातला, नवा, अतिशय सज्जन. सांगाल ते ऐकणारा. त्याच दिवशी आमच्या कामातला एक मोठा बदल सुरू व्हायचा होता, आणि मी सुट्टीवर असले तरी तो मला दर थोड्या वेळानं विचारत होता. मी नितीनच्या मागच्या गाडीत, अंगावर नऊवारी, मांडीवर चुलत बहिणीचं रडकं बाळ. मानेचा मेसेज आला, "मॅडम, पेलोड हेवी होतोय. सर्व्हर घेत नाही. काय करू?"

हो, तोच शब्द! आमच्याकडं त्याचा अर्थ काय, तेही सांगते, घाबरू नका. एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला निरोप पाठवायचा तर तो पाकिटातून गेल्यासारखा जातो. त्या पाकिटाला आम्ही म्हणतो रिक्वेस्ट. पाकिटावरचा पत्ता म्हणजे हेडर. पाकिटाचं पोट म्हणजे बॉडी. आणि पोटातला जो माल पोचवायचा असतो, तो पेलोड. माल जड झाला की समोरचा सर्व्हर पाकीट घेतच नाही. मग आम्ही काय करतो? सगळा माल काढतो आणि रिकामं पाठवून बघतो. पोचलं तर रस्ता ठीक, भानगड मालात. किती सोपं!

मी उत्तर लिहायला गेले आणि नेमका त्याच क्षणी वर मामाचा मेसेज आला, "शापूर सोडला." बाळानं माझा गजरा ओढला. माझं बोट मामाच्या मेसेजवर पडलं. आणि मी लिहिलं,

"पेलोड फार झालाय. बॉडीतलं सगळं काढ. फक्त हेडर राहू दे. रिकामीच जाऊ दे. पोचली की सांग."

तुम्हीच सांगा, पिकअपवाल्या माणसाला याचा दुसरा काही अर्थ लागेल का? मागचा हौदा म्हणजे बॉडीच. मानेला मी अरे-तुरे करते आणि मामालाही. कुठं एक अक्षर तरी असं होतं का, की मामाला शंका यावी?

शंका आली! आली हो. त्यानं विचारलं, "सगळं?"

फोनवर वर नुसतं दिसलं, "संतोष मा…" पुढचं नाव कापलेलं. मी लिहिलं, "हो, सगळं. एक पण ठेवू नको."

थोड्या वेळानं अजून एक प्रश्न आला. मामा मराठी लिहितो इंग्रजी अक्षरांत, तेही निम्मी अक्षरं खाऊन. त्यानं विचारलं होतं, "आत्या पण?" मी वाचलं, "आता पण?" मला वाटलं, माने विचारतोय, आता लगेच करू का. मी लिहिलं, "हो, आताच्या आता!"

पलीकडून अंगठा आला. तसा अंगठा मामानं आयुष्यात कधी पाठवला नव्हता. आज विचार करते तेव्हा वाटतं, किती वर्षं हा माणूस या एका आज्ञेची वाट बघत असेल!

किन्हवली मागं पडली आणि माझी रेंज गेली. मी निवांत बाळाला खेळवत बसले.

लग्नाच्या गावी पोचलो. मांडवात हीऽ गर्दी. नवरीचे वडील भोईर गुरुजी, शाळेत विज्ञान शिकवणारे, स्वतः वेशीपर्यंत सामोरे आले. नितीनला ओवाळलं. मग त्यांच्याकडच्या बायका विचारायला लागल्या, "शालू कुठंय? धवलारीण कुठंय तुमची?" मी ऐटीत म्हटलं, "येतेय, येतेय. मागनं पिकअप आहे. सगळं वेळेत चाललंय."

तेवढ्यात पिकअप आली. फुलांच्या माळा फडफडतायत, हॉर्न वाजतोय. मामा फेटा सावरत खाली उतरला, दोन्ही हात वर करून म्हणाला, "पोचली बघ! कुठं अडवली नाय कुणी!" आणि मोठ्या तोऱ्यात त्यानं मागचा फाळका पाडला.

आत एक केळं होतं.

एक केळं! बाकी हौदा धुतल्यासारखा स्वच्छ.

"मामा… सामान?"

"काढलं."

"कुठं?"

"शेणव्याला. नाक्याच्या पुढं पिंपळाच्या पाराव. नीट लावून ठेवलंय, काळजी नको."

"आणि आत्या?"

"ती पण. मी विचारलं ना तुला? तू बोललीस, आताच्या आता. लय भांडली माझ्याशी. मी म्हटलं, चंद्राताई, माझ्या मनात काय नाय, वैशूची आर्डर हाय."

"बाकीच्या बायका?"

"एक पण ठेवू नको बोललीस."

मी फोन उघडला. वाचलं. पुन्हा वाचलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, मला वाटलं सरकावीच आणि मी आत जावं. क्षीण आवाजात विचारलं, "मग हेडर राहू दे लिहिलं होतं, ते काय समजलास तू?"

"हेडर म्हंजे मीच ना? डोकं. डायवर नसला तर गाडी येल कशी?"

यात चूक काढून दाखवा!

मामा म्हणाला, त्याला वाटलं पुढं आरटीओ उभा आहे, मी रिकामी गाडी पुढं काढायला सांगतेय आणि माणसांसाठी मागनं दुसरी गाडी धाडलीय. म्हणजे त्यानं माझ्या मूर्खपणावर माझ्यापेक्षा जास्त विचार केला होता.

तोवर मांडवात बातमी पसरली. नवरीच्या एका काकांनी तर तिथंच आवाज चढवला, "रिकाम्या गाडीनं वऱ्हाड येतं का कुठं? शालू नाय, बाशिंग नाय, चेष्टा लावलीय का?" नितीनचा चेहरा असा झाला की मला बघवेना. आई पदरानं डोळे टिपायला लागली. भटजींना पुढं दुसऱ्या गावी लग्न होतं, ते घड्याळ स्वतःपेक्षा आमच्याकडंच जास्त धरत होते. आणि नवरी आतून निरोप पाठवतेय, "काय झालंय ते मला कुणी सांगेल का?"

मी गुरुजींसमोर हात जोडले आणि सगळं सांगितलं. पेलोड, बॉडी, हेडर, आत्या, सगळं. मला वाटलं, आता लग्न मोडतंय.

गुरुजी शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि वर्गात उभे असल्यासारखे सगळ्यांकडं वळले.

"मंडळी, पेलोड हा शब्द मी पोरांना रॉकेटच्या धड्यात सांगतो. रॉकेट असतं एवढं मोठं धूड, सगळं इंधनानं भरलेलं. त्याच्या टोकाशी छोटा उपग्रह बसवतात. तो पेलोड. वर जाताना धूड एकेक तुकडा टाकत जातं, आणि शेवटी पेलोड तेवढा पोचतो. कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठीच असतो." मग त्यांनी मामाकडं बघितलं, पिकअपकडं बघितलं. "आमचे व्याही जगात पहिले. यांनी पेलोड वाटेत टाकला आणि धूड घेऊन आले!"

मांडव नुसता फुटला हसून. तो चिडलेला काकाही हसला.

मामा मात्र माझ्या कानाशी आला, "गो, धूड गाडीला बोलले का मला?"

गुरुजींनी मग एक काम केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी आचाऱ्याला हाक मारून सांगितलं, "पंगती आधी बसवा. लग्न मागनं. जेवलेला माणूस भांडत नाय." भटजींना पहिल्या पंगतीत पहिलं पान. भटजी बसले, घड्याळ खिशात गेलं.

मामा पिकअप घेऊन उलटा सुटला. मी रेंज शोधत गावभर फिरले. शेवटी विहिरीच्या कठड्यापाशी रेंजची एक काडी दिसली. ऊन असं की फोनवर धड काही दिसत नव्हतं. सगळ्यात वर "संतोष मा…" दिसलं. घाईघाईनं लिहिलं,

"सगळं परत भर. एक पण सोडू नको. कितीही हेवी झालं तरी चालेल. वरून दोरी बांध आणि दामट!"

लगेच उत्तर आलं, "ओके." मला बरं वाटलं.

पंगती उठत आल्या आणि लांबून गाणं ऐकू आलं. आधी कुणाला कळेना कुठून येतंय. मग वळणावर पिकअप दिसली. मागं आत्या ट्रंकेवर बसलेली, महाराणीसारखी. आणि बायका किती? गेल्या होत्या चार-पाच, आल्या त्याच्या दुप्पट!

काय झालं होतं माहितेय? मामानं पाराव उतरवल्यावर आत्या थोडा वेळ शिव्या देत बसली. मग शिव्या संपल्या. आत्या म्हणाली, "धवलारीण बसून राहिली तर अपशकून होतो." आणि तिनं तिथंच धवळे सुरू केले. आवाज ऐकून शेणव्याच्या बायका घरातून बाहेर आल्या. कुणी चहा आणला, कुणी पाणी, कुणी चटई. एका म्हातारीनं तर तिच्या लग्नात म्हटलेला, कुणाला न आठवणारा धवळा आठवून म्हटला. मामा परत गेला तेव्हा आत्या उठायला तयार नव्हती. "नितूलाच हितं आण. आमी हितंच लगीन लावतो!" शेवटी शेणव्याच्या काही बायकांनाही बरोबर घेतलं, तेव्हा कुठं उठली.

मांडवात शिरताच तिनं मला शोधलं आणि जागच्या जागी रचून म्हटलं,

"वैशूबायचा निरोप आला गो,
मामानं माल वाटंला टाकला गो,
आमच्या नितूच्या लग्नाला
शेणव्याचा चहा लागला गो!"

मागनं सगळ्या बायकांनी झील धरली. गुरुजींच्या घरच्यांनीही. मी तोंड लपवायला गेले तर नवरीनंच, शालू नेसता नेसता, दारातून हात धरून मला आत ओढलं. म्हणाली, "ताई, इतका वेळ मला रडू येत होतं. आता हसून माझं काजळ गेलं. तुम्हीच लावून द्या."

लग्न लागलं. आणि खरं सांगू? असं लग्न मी नंतर पाहिलं नाही. आता आमच्याकडंही हॉल आले, डीजे आला. आत्याचे गुडघे गेले, ती लग्नाला येते आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसून ओठ हलवते, डीजेपुढं काही ऐकू येत नाही. पिकअप मामानं विकली. मामा-आत्याचं भांडण तेवढं टिकून आहे, आता फोनवर चालतं. कधी शेणव्यावरनं गेले तर त्या पारापाशी गाडी हळू करते. उतरत नाही. नुसतं बघते. वाटतं, त्या दिवशी मीही मागेच बसायला हवं होतं. उतरवलं असतं मामानं मलाही. चहा तरी मिळाला असता.

पण थांबा. उठू नका. किस्सा संपलेला नाही!

सुट्टी संपवून ऑफिसला गेले तर सगळे माझ्याकडं कसंसंच बघतायत. साहेबांनी आत बोलावलं. लग्नाच्या दुपारी आमचा सर्व्हर साफ झोपला होता. अख्ख्या पेलोडखाली चेपून. नंतर सगळ्यांनी मिळून कसाबसा उभा केला. साहेबांनी त्यांच्या फोनवर माझाच एक मेसेज माझ्यापुढं धरला. "सगळं परत भर. एक पण सोडू नको. कितीही हेवी झालं तरी चालेल."

विहिरीच्या कठड्यावरनं मी मामाला लिहिलंच नव्हतं. मामा आपल्या अकलेनं सगळं घेऊन आला होता!

शेजारी माने उभा. बिचाऱ्याचे डोळे खोल गेलेले. मला वाटलं, आता हा माझ्यावर ओरडणार, आणि ओरडावंच. पण तो माझ्याजवळ आला आणि अगदी अपराधी आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलं ते सगळं केलं मी. जेवढं होतं तेवढं भरलं. फक्त ती दोरी कुठं सापडली नाही. सगळीकडं शोधली. त्याच्यामुळंच पडला असेल ना सर्व्हर?"

साहेब माझ्याकडं बघतायत. माने माझ्याकडं बघतोय.

आता मी काय सांगणार होते, सांगा? मान खाली घातली आणि म्हटलं, "हो रे माने. दोरीच राहिली."